सेव्हन टाकून दे

"यावर सेव्हन टाकून दे. बत्तीस बिटवालं. बाकी मला काही नको."

मामांची भाचीकडे मागणी एवढीच होती. टेबलावर साडेअकरा इंची स्क्रीनचा नवा कोरा लॅपटॉप. आत सेलेरॉन एन४०२० हा दोन कोरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी साठवण आणि कारखान्यातूनच आलेली विंडोज ११. मामा नारायण पेठेत डीटीपी करतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि दिवाळीच्या तोंडावर अंक. नात्याने ते फक्त या भाचीचे मामा, पण गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही. भाची एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. मी तिथे प्रुफं तपासायला बसतो, त्यामुळे हा वाद मला जागच्या जागी ऐकायला मिळाला. मधूनमधून तोंडही घातलं.

"का पण? आहे ती विंडोज चालतेय की."

"चालतेय ना. माझं काम सोडून सगळं चालतंय."

मामांचं काम म्हणजे पेजमेकर. ॲडोबीने पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली काढली आणि तीच शेवटची ठरली. त्याआधी १९९९ मध्येच कंपनीने इनडिझाइन आणलं होतं, म्हणजे पेजमेकरचा निकाल तेव्हाच लागला होता. पण मराठी छपाईच्या धंद्यात तो निकाल कुणी वाचला नाही. पेजमेकर, त्याच्या जोडीला मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आणि ते उघडायला यूएसबीत खोचलेला डोंगल, या तिघांवर कित्येक दुकानांनी संसार केले. मामांच्या डोंगलचा ड्रायव्हर बत्तीस बिटांचा. चौसष्ट बिटांच्या विंडोजच्या गाभ्यात बत्तीस बिटांचा ड्रायव्हर शिरूच शकत नाही, आणि विंडोज ११ला बत्तीस बिटांची आवृत्तीच नाही. पेजमेकर या लॅपटॉपवर कसाबसा उघडतो, पण डोंगल ओळखला जात नाही आणि मराठी उमटत नाही.

"सेव्हन आहे का तुझ्याकडे? की कुणाची तरी सीडी आणून मारायची?"

"खोक्यातली आहे. बिलासकट घेतलेली."

"मग ते तरी बरं. खोक्यातली असेल तर जुन्या डेस्कटॉपवरून काढून दुसरीकडे टाकता येते. मशिनबरोबर आलेली असती तर त्या मशिनबरोबरच संपली असती."

मी विचारलं, की या लॅपटॉपच्या विंडोजच्या बदल्यात जुनी घेता येत नाही का? कुठेतरी तसं वाचलं होतं. ती म्हणाली, "मशिनबरोबर विंडोज १० प्रो आलं असेल तर सेव्हन प्रोवर उतरायची मुभा होती. होमला ती कधीच नव्हती. आणि एवढ्याशा लॅपटॉपवर प्रो कोण घालून देतं? ज्याला खाली उतरायची गरज, त्याच्याकडे होम."

मामांना कायद्यात रस नव्हता. "टाक म्हटलं ना. नाही जमलं तर नाही म्हण."

मग तिने टाकायला घेतलं. वाद घालण्यापेक्षा करून दाखवावं, असा तिचा स्वभाव आहे. सुरुवातीच्या निळ्या-करड्या पानांवर जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, लेगसी चालू केलं. "हा पर्याय यात आहे हेच नशीब. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांत तो काढूनच टाकलाय, आणि बत्तीस बिटांची सेव्हन त्याशिवाय उठतच नाही." पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी सरकली, चार रंगांचे ठिपके फिरत फिरत एकत्र आले, खिडकी झाली. मामांचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस दिसावं तसा.

पहिलं पान आलं, भाषा निवडायचं. माउसच्या पोटातला लाल दिवा तोवर विझलेला. टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलेना. कीबोर्ड तेवढा चालत होता. टॅब, टॅब, एंटर करत ती पुढे गेली, आणि मग ती पाटी आली : सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मिळत नाही, असेल तर द्या.

"यात सीडी आहेच कुठे?" मामा म्हणाले.

"नाहीच. तिला पेनड्राइव्ह दिसत नाहीये."

"अगं, पेनड्राइव्हवरूनच तर ती उठली!"

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली गंमत इथे आहे. पहिली काही मिनिटं पेनड्राइव्ह वाचतो तो मदरबोर्डवरचा बायॉस. तो सेव्हनचा थोडा भाग उचलून रॅममध्ये ठेवतो. तिथून पुढे सेव्हन कारभार हाती घेते, आणि हाती घेतल्याबरोबर ज्या पेनड्राइव्हवरून आली तोच तिला परका होतो. यूएसबी ३चं मानक जाहीर झालं नोव्हेंबर २००८ मध्ये. विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ला, पण यूएसबी ३ची ओळख तिच्या अंगात घातलेली नव्हती. ती २०१२च्या विंडोज ८पासून आली. मधली काही वर्षं अडलं नाही, कारण लॅपटॉपांत जुना आणि नवा असे दोन्ही कंट्रोलर असत. २०१५च्या सुमाराला इंटेलने नव्या चिपांतून जुना काढून टाकला, आणि त्या दिवसापासून सेव्हनला नव्या मशिनांवर माउस दिसेना, पेनड्राइव्ह दिसेना. कीबोर्ड दिसतो, कारण बऱ्याच लॅपटॉपांचा आतला कीबोर्ड अजून जुन्या पीएस-टू पद्धतीनेच जोडलेला असतो.

"मग ड्रायव्हर आत घाल," मामा म्हणाले. "एक्सपीच्या वेळी नाही का घालायचे? एफ६ दाबा, फ्लॉपी द्या म्हणायची. लॅपटॉपला फ्लॉपी नव्हती तरी म्हणायची. मग आमच्या समोरचा पोरगा साटाचा ड्रायव्हर सीडीतच कोंबून नवी सीडी काढून द्यायचा. तेव्हाही सगळे म्हणत होते होत नाही. झालं."

"झालं, कारण तो ड्रायव्हर कंपनीने केलेला होता. पोराने फक्त कोंबला. इथे कोंबायला तरी काय आहे? यूएसबीचं मी करीन. हौशी लोकांनी जुळवलेले ड्रायव्हर मिळतात, पण कुणी जुळवलेत, आत काय घातलंय, देव जाणे. आणि ते विंडोजच्या पार गाभ्यात बसणार. पुढे ईएमएमसी. सेव्हनला ही साठवण दिसतच नाही, विंडोज टाकायची कुठे? तेही कसंबसं केलं तर ग्राफिक्स. या चिपच्या ग्राफिक्सचा सेव्हनसाठी ड्रायव्हर इंटेलने काढलाच नाही. मग स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होणार नाही, झाकण मिटलं तर मशीन झोपणार नाही, खिडकी ओढली तर पट्ट्यापट्ट्यांनी सरकणार. टचपॅडची जोडणीसुद्धा विंडोज ८पासूनची."

"पण पेजमेकर चालेल."

"चालेल."

"मराठी उमटेल."

"डोंगल लागला तर उमटेल."

"मग मला उजेड कमी करून काय करायचंय?"

हा मामांचा हट्ट आहे असं समजून सोडून देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे वीसेक वर्षांच्या फायली आहेत. पतसंस्थेचा अहवाल दर वर्षी येतो. आकडे बदलायचे, संचालकांचे दोन फोटो बदलायचे, बाकी तसाच. बिलबुकात फक्त अनुक्रमांक पुढे न्यायचा. या फायली उघडणं हाच धंदा आहे. ज्या मशिनवर त्या उघडतात ते चांगलं मशीन, उघडत नाहीत ते वाईट. त्यांच्या तराजूला दुसरं पारडंच नाही, आणि खरं सांगायचं तर ग्राहकाच्या तराजूलाही नसतं.

"आणि तू म्हणतेस तसं हे काही जगावेगळंही नाही," मामा पुढे सरसावले. "छोट्या लॅपटॉपवर जुनी विंडोज ही खुद्द कंपनीचीच पद्धत होती. आठवतात का ते चिमुकले लॅपटॉप? सात इंचांचे, दहा इंचांचे."

आठवत होते. असूसने २००७च्या ऑक्टोबरात ई-पीसी आणला. सात इंची स्क्रीन, ४ जीबी साठवण आणि वर लिनक्स. नेटबुक हे नाव त्यानंतर रुळलं. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात तेव्हा नवी होती व्हिस्टा, आणि ती एवढ्याशा मशिनवर मांडी घालून बसणं शक्यच नव्हतं. बाकीच्या संगणकांसाठी एक्सपीची विक्री ३० जून २००८ला थांबवायची ठरली होती, पण अख्खा नवा बाजार लिनक्सकडे जातोय हे दिसल्यावर कंपनीने छोट्या, स्वस्त लॅपटॉपांपुरती एक्सपी होमला मुदत वाढवून दिली. सात वर्षं जुनी सिस्टिम नव्या मशिनवर, कंपनीच्या शिक्क्यानिशी.

"म्हणजे कंपनीला गरज पडली की जुनं चालतं," मामा म्हणाले. "मला गरज पडली की चालत नाही."

मला वाटलं भाची इथे अडकणार. नाही अडकली.

"त्या मशिनचा डबा नवा होता, मामा. आत अ‍ॅटम एन२७० होता आणि त्याच्या बाजूला इंटेलचा ९४५ चिपसेट. तो ९४५ २००५ सालच्या घराण्यातला. एक्सपीची त्याच्याशी आधीपासून ओळख. जुनी सिस्टिम नव्या मशिनवर घातली असं दिसत होतं, पण ती जुन्याच मशिनवर घातलेली होती. तुझा हा लॅपटॉप आतूनही नवा आहे."

"मग तसे आतून जुने अजून करायला कुणी अडवलंय?"

"कुणी नाही. करत नाहीत."

"अडवलंयही," मी म्हणालो. मला २०१७ आठवत होतं. सातव्या पिढीचे इंटेल आणि रायझन प्रोसेसर आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलं होतं की यांच्यावर फक्त विंडोज १०. तरीही लोकांनी सेव्हन टाकली, आणि ती नीट चालली. एप्रिल २०१७पासून अशा मशिनांवर अपडेट घ्यायला गेलं की, तुमचा प्रोसेसर या विंडोजवर चालत नाही, अशी पाटी येऊ लागली. ज्या पडद्यावर ती पाटी दिसत होती, तो पडदा त्याच प्रोसेसरवर त्याच विंडोजने रंगवलेला होता. सेव्हनची सुरक्षेची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. ती संपली १४ जानेवारी २०२०ला. सिस्टिम कधी म्हातारी होते आणि तिला कधी म्हातारी ठरवतात, या दोन तारखा वेगळ्या असतात, आणि इथे दुसरी आधी आली.

भाचीने हे मान्य केलं, अगदी खळखळ न करता. "ते चूकच होतं. पण त्यावरून मामाचा लॅपटॉप आज चालू होत नाही."

मामांनी चहा मागवला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर मोबाइलवर पाठवून गेलं. वराचं नाव, वधूचं नाव, आजोळची नावं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वगैरे. मामांनी मोबाइल उभा केला आणि जुन्या डेस्कटॉपवर बघून बघून टाइप करायला लागले.

"हे बघ," भाची मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "आलेला मजकूर युनिकोडमध्ये आहे. उचलून ठेवला की झालं. हा माणूस तो परत टाइप करतोय, कारण त्याच्या फाँटला तो कळत नाही."

"कन्व्हर्टर आहे माझ्याकडे. लहान मजकुराला काढत नाही, एवढंच."

या कन्व्हर्टरविषयी बोलायचा हक्क मला आहे, कारण त्याची पापं मी निस्तरतो. जुन्या मराठी फाँटांत अक्षराचा एकेक तुकडा इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो. फाँट काढून घेतला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं उरतात. शिवाय तुकडे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेले. 'निर्णय' लिहिताना आधी वेलांटी, मग न, मग ण, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. आधी न, मग वेलांटी, आणि रफार म्हणजे णच्या आधीचा अर्धा र. कन्व्हर्टरने हे सगळं उचलून इकडचं तिकडे करायचं असतं. जोडाक्षराला वेलांटी आली की त्याचा पाय घसरतो. 'स्थिती'चं 'सि्थती' होतं, 'क्रिकेट'चं 'कि्रकेट'. वर्तमानपत्रांच्या जुन्या संकेतस्थळांवर अशा शब्दांचा खच पडलेला सापडेल. पतसंस्थेच्या अहवालात 'आर्थिक स्थिती' किती वेळा येते याची कल्पना वाचकाला नसेल. मला आहे. तिथेही मी हे बोलून दाखवलं.

"तर मग," मामा विजयाने म्हणाले, "बघ, हेच सांगतायत. वीस वर्षांचं काम मी त्या कन्व्हर्टरच्या तोंडी देऊ?"

"सगळं कुठे म्हणतेय? नवं युनिकोडमध्ये करशील का? इनडिझाइनला २०१२पासून देवनागरी नीट जमते."

"महिन्याच्या महिन्याला भाडं भरून? पेजमेकरला एकदा पैसे दिले, वीस वर्षं वापरला. मला सांग, यात अडाणी कोण?"

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. तिने विषय बदलला, आणि तो योग्य ठिकाणी बदलला. "बरं, समजा सेव्हन टाकली. गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह आणतात ना? फोल्डरांचे शॉर्टकट होतात तो व्हायरस तुझ्याकडे किती वेळा आला?"

मामा गप्प. तो कुठल्या डीटीपीवाल्याकडे आला नाही?

"२०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा जगभर फायली कुलूपबंद झाल्या. बळी पडलेल्यांत बहुतेक मशिनं सेव्हनची होती. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवायचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी घेतला ते वाचले. आता सेव्हनला पॅच येतच नाहीत. क्रोमची १०९वी आवृत्ती सेव्हनसाठी शेवटची, जानेवारी २०२३ची. बँकेचं पान उद्या उघडणार नाही, आणि मशीन बिघडलंय म्हणून तू मला फोन करशील."

"बँक मी मोबाइलवर करतो. याला नेटच लावणार नाही."

"लिहून दे."

"देतो."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की भाची जरा थबकली. मला वाटतं, वाद खरा सुटायला लागला तो इथे. जुन्या सिस्टिमला दोन बाजूंनी मार बसतो. खालून नवं हार्डवेअर तिला ओळख देत नाही, बाहेरून जाळं तिला सुरक्षित राहू देत नाही. मामांनी बाहेरची बाजू एका शब्दात तोडून टाकली होती. उरली खालची.

"पण या चिपवर सेव्हन थेट बसवणं म्हणजे लेटरप्रेसचे खिळे ऑफसेटच्या मशिनला लावण्यासारखं आहे," ती म्हणाली. मामांच्या धंद्यातला दाखला द्यावा म्हणून तिने दिला असेल. पण मामा मुळात खिळ्यांच्या केसेसमधून वर आलेले आहेत.

"लावलेत आम्ही," ते म्हणाले.

"काय?"

"खिळे ऑफसेटला. पंचांगाचं पान होतं. सगळा मजकूर खिळ्यांत जुळवलेला, आणि छापखाना ऑफसेटचा झाला. परत जुळवणार कोण? आर्ट पेपरवर एक स्वच्छ प्रूफ काढलं, कॅमेऱ्याखाली धरलं, निगेटिव्ह केली, प्लेट केली, छापलं. खिळा जसा होता तसा. बघणाऱ्याला पत्ता लागला नाही."

"मामा, खिळा मशिनला लागलाच नाही. मधे फोटो आला."

"आला. मग?"

"मग मी मघापासून दुसरं काय सांगायला बघतेय? सेव्हन या लॅपटॉपला दाखवायचीच नाही. मधे काहीतरी घालायचं."

मग तिने व्हर्च्युअल मशीन समजावून सांगितलं, आणि या वेळी मामांनी ऐकलं, कारण गोष्ट त्यांची होती. लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरचा एक खोटा संगणक उभा करायचा. व्हर्च्युअलबॉक्स सेव्हनपुढे जो चिपसेट म्हणून उभा करतो, तो इंटेलचा १९९६च्या सुमाराचा पीआयआयएक्स३. यूएसबी हवं तर जुनं, २००९ साली सेव्हनला ठाऊक होतं तसलं दाखवता येतं. ईएमएमसी तिला साधी हार्डडिस्क म्हणून दिसते. खरं हार्डवेअर काय आहे, हे सेव्हनला कळतच नाही आणि कळायची गरजही नाही. डोंगल खोचला की तो उचलून आतल्या संगणकाच्या हाती द्यायचा. नेट द्यायचंच नाही. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे हा अख्खा संगणक शेवटी एक फाइल असतो. तिची प्रत काढून ठेवली, की हा लॅपटॉप गेला तरी पुढच्या लॅपटॉपवर पेजमेकर पहिल्या दिवशी उघडतो.

"चार जीबीत?" मामांनी नेमकं दुखत्या जागी बोट ठेवलं. "ही अकरा एकटी उघडली तरी धापा टाकते. तिच्या पोटात आणखी एक विंडोज?"

"नाही मावायची," तिने कबूल केलं. विंडोज ११ची स्वतःची किमान गरजच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. म्हणजे हे मशीन उंबरठ्यावर उभं करूनच विकलेलं. "अकरा काढावी लागेल. खाली हलकं लिनक्स टाकू. त्याला ईएमएमसी दिसते, टचपॅड दिसतं, झाकण मिटलं की झोपतं. ते थोडक्यात भागवतं. सेव्हनला दीड जीबी देऊ. बत्तीस बिटवाली एकात चालते."

मामा हसायला लागले. "म्हणजे मी म्हणत होतो, अकरा काढ आणि सेव्हन टाक. तू म्हणत होतीस, नको. आता अकरा निघणारच, सेव्हन येणारच, वर आणखी एक तिसरं येणार. जिंकलं कोण?"

"तू. पण मधे मी."

मला एक शंका होती ती मी विचारली. सेव्हनच पाहिजे तर सेव्हनच्या काळातला छोटा लॅपटॉप घेणं सोपं नाही का? कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड एक्स२२०सारखे साडेबारा इंची लॅपटॉप जुन्या बाजारात मिळतात. २०११चं मशीन, सेव्हनचे सगळे ड्रायव्हर कंपनीनेच दिलेले. थेट टाका आणि वापरा.

"खरं तर तेच सगळ्यात सोपं," भाची म्हणाली. "पेटीतून काढून सेव्हन टाकली की अर्ध्या दिवसात काम. मामानं हा घ्यायच्या आधी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं."

"मला गिऱ्हाइकाच्या घरी पान दाखवायला हलका पाहिजे होता. आणि पंधरा वर्षं जुन्या बॅटरीचं काय करू? चार्जरसकट हिंडू?"

"आणि ते मशीन गेलं की परत शोधा," ती मला म्हणाली. "ते संपत जाणार. खोटं मशीन संपत नाही."

"खोटं मशीन संपत नाही, पण डोंगल संपतो," मामा म्हणाले.

हे ऐकून ती खरोखर गप्प झाली. मघापासून सगळी चर्चा सिस्टिमची चालली होती, आणि कमकुवत दुवा टेबलाच्या कडेला लाल रिबिनीला बांधून पडला होता. तो मेला तर सेव्हन खरी असो की खोटी, मराठी उमटणार नाही. त्याची प्रत काढता येत नाही. येऊ नये म्हणूनच तो केलेला. वीस वर्षांच्या फायली एका अंगठ्याएवढ्या प्लास्टिकवर टांगलेल्या आहेत, हे मामांना आमच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर तो जुन्या डेस्कटॉपच्या मागे खोचलेला न ठेवता रोज रात्री काढून गल्ल्यात ठेवतात.

"मग फायली बाहेर काढायलाच लागतील," ती हळूहळू म्हणाली. "सगळ्या नाही. दर वर्षी परत येतात तेवढ्या युनिकोडमध्ये. बाकीच्यांची नुसती पीडीएफ करून ठेवू. छापायला तरी मिळतील. डोंगल जिवंत आहे तोवर. सेव्हन त्यासाठी लागेलच, त्यामुळे टाकायची हे नक्की."

"परत येणारी कामं किती असतील?" मी विचारलं.

मामांनी जुनं बिलबुक ओढलं आणि बोटांवर मोजायला लागले. पतसंस्था, दोन शाळा, गणपती मंडळाचा अहवाल, ते वधूवर सूचक मंडळ, डॉक्टरांची लेटरहेडं, नको, ती नवीनच करू. मधेच ते थांबले. "आणि लॅपटॉप उघडला की मला थेट पेजमेकर दिसला पाहिजे. खाली तुझं लिनक्स आहे, त्याच्या पोटात काय आहे, ते माझ्या नजरेला पडता कामा नये. खालचं कुणाला दाखवत नाही आपण."

"दिसणार नाही. चालू झाला की सेव्हन पूर्ण पडद्यावर येईल."

"आणि कन्व्हर्ट केलेलं वाचणार कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पानाला किती, ते मी सांगितलं. मामा म्हणाले, जास्त आहे.